घरच्या जेवणावर असलेल्या कुत्र्याला फळे देताना

निरोगी, प्रौढ कुत्र्याला फळांची शारीरिक गरज नसते. माणसाला क जीवनसत्त्व अन्नातून मिळवावे लागते, पण कुत्र्याचे यकृत ते ग्लुकोजपासून स्वतःच तयार करते. फळांतून मिळणारे तंतू आणि पोटॅशियम नीट बसवलेल्या जेवणातील भाज्या, धान्य व मांसातूनही मिळतात. तरीही फळ देण्यात गैर काही नाही. बहुतेक फळांत पाणी भरपूर व चरबी जवळपास शून्य असते, उष्मांक बिस्किटांपेक्षा बरेच कमी असतात, आणि बहुतेक कुत्रे ते आवडीने खातात. हे सुरुवातीलाच सांगण्याचे कारण असे की पुढचे सगळे निर्णय याच गोष्टीवर उभे आहेत. जे फळ न दिल्याने कुत्र्याचे काहीही अडत नाही, त्याविषयी जराशी जरी शंका असली तरी ते देण्याचे कारण उरत नाही.

कुत्र्याला आवडते म्हणजे ते त्याला मानवते, हा समज सर्वांत आधी बाजूला ठेवावा. कुत्र्याच्या जिभेला गोड चव कळते. मांजराला ती कळत नाही. त्यामुळे कुत्रा पिकलेले फळ आनंदाने खातो, आणि त्याला घातक असलेले द्राक्षही तितक्याच आनंदाने खातो. निवड त्याच्यावर सोपवता येत नाही.

पहिली पायरी: मूळ जेवण आधी नीट बसवावे

घरी जेवण बनवू लागलेले अनेकजण भात, चिकन आणि वरून चार फळांच्या फोडी घालून जेवण ‘संतुलित’ झाले असे मानतात, आणि ही चूक फळाच्या विषबाधेइतकीच गंभीर ठरू शकते, कारण तिचे परिणाम दिसायला अनेक महिने लागतात. मांसात फॉस्फरस पुष्कळ आणि कॅल्शियम अत्यल्प असते. प्रौढ कुत्र्याला दर १००० किलोकॅलरी अन्नामागे साधारण एक ते सव्वा ग्रॅम कॅल्शियम लागते; १०० ग्रॅम सफरचंदात ते जेमतेम ६ मिलिग्रॅम असते. ही तूट कोणत्याही फळाने भरून निघत नाही. कॅल्शियम, जस्त, तांबे, आयोडीन, ड आणि ई जीवनसत्त्व यांची सोय पाककृतीतच, योग्य पूरकांसह, करावी लागते.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यकांनी २०१३ मध्ये कुत्र्यांसाठीच्या २०० घरगुती पाककृती तपासल्या, तेव्हा त्यांतील ९५ टक्के पाककृतींत किमान एक आवश्यक घटक कमी आढळला. त्या पाककृतींत पुस्तकांतल्या होत्या, संकेतस्थळांवरच्या होत्या, आणि काही पशुवैद्यांनी लिहिलेल्याही होत्या. म्हणून पाककृती पशुपोषणाचे प्रशिक्षण घेतलेल्या पशुवैद्याकडून, आपल्या कुत्र्याचे वय, वजन आणि आजार सांगून, तयार करून घ्यावी. ते जेवण सुरू होऊन दोन-तीन आठवडे झाले, मल घट्ट व नियमित आहे, वजन स्थिर आहे, असे दिसल्यावरच फळाचा विचार करावा. नवे जेवण आणि नवे फळ एकाच वेळी सुरू केले तर जुलाब झाल्यावर दोष कशाचा हे समजत नाही.

दुसरी पायरी: कुत्र्याची प्रकृती पाहावी

काही कुत्र्यांच्या बाबतीत फळाचा निर्णय घरी घेऊच नये. मधुमेह असलेल्या कुत्र्याच्या इन्सुलिनचे प्रमाण ठरलेल्या आहारावर बेतलेले असते, त्यामुळे मधूनच दिलेले केळे किंवा आंबा सगळे गणित बिघडवतो. मूत्रपिंडाचा विकार किंवा ॲडिसनचा विकार (अधिवृक्क ग्रंथींची संप्रेरके कमी पडण्याचा आजार) असलेल्या कुत्र्याच्या रक्तात पोटॅशियम साचू शकते, आणि १०० ग्रॅम केळ्यात ते सुमारे ३६० मिलिग्रॅम असते. कॅल्शियम ऑक्झलेटचे मूतखडे होऊन गेलेल्या कुत्र्याला ऑक्झलेट अधिक असलेली फळे टाळावी लागतात. ज्याला पूर्वी स्वादुपिंडाचा दाह झाला आहे त्याला चरबीयुक्त फळे, म्हणजे अव्होकॅडो आणि नारळ, देऊ नयेत. ओल्या खोबऱ्याच्या १०० ग्रॅममध्ये ३३ ग्रॅमच्या आसपास चरबी असते. पशुवैद्याने एखाद्या विकारासाठी ठरावीक आहार लिहून दिला असेल तर त्यात एक फोडही विचारल्याशिवाय घालू नये, विशेषतः ॲलर्जीचे कारण शोधण्यासाठी ठरावीक घटकांचा आहार चालू असताना, कारण एवढ्याशा फोडीनेही कित्येक आठवड्यांची तपासणी वाया जाते.

वाढत्या पिल्लांचे पोट लहान आणि गरजा मोठ्या असतात. त्या पोटातली जागा फळाने अडवू नये. चव ओळखीची व्हावी एवढ्यापुरता एखादा लहान तुकडा पुरे.

तिसरी पायरी: काय कधीच द्यायचे नाही, हे घरातल्या सर्वांना सांगावे

यादी पाठ असून भागत नाही. घरातील मुलांना, पाहुण्यांना आणि कुत्र्याला सांभाळायला येणाऱ्या व्यक्तीलाही ती माहीत असावी लागते, कारण बहुतेक अपघात मालकाच्या हातून नव्हे तर टेबलावरून किंवा जमिनीवर पडलेल्या वस्तूतून घडतात.

यादीत पहिले नाव द्राक्षांचे आहे. हिरवी, काळी, बिनबियांची, सोललेली, कोणतीही द्राक्षे आणि त्यांपासून बनलेले मनुके व बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला तीव्र इजा करू शकतात. हे विष नेमके कोणते, हा प्रश्न अनेक वर्षे अनुत्तरित होता. २०२१ मध्ये अमेरिकेतील पशुविषतज्ज्ञांनी टार्टारिक आम्ल आणि त्याच्या पोटॅशियमच्या क्षाराकडे बोट दाखवले, आणि आज मुख्य संशय त्याच्यावरच आहे. हे आम्ल द्राक्षाच्या जातीनुसार आणि पिकण्याच्या अवस्थेनुसार कमी-अधिक असते. एखाद्या कुत्र्याने मूठभर द्राक्षे खाऊनही त्याला काही झाले नाही आणि दुसऱ्याचे मूत्रपिंड मोजक्याच द्राक्षांनी निकामी झाले, असे का घडते याचा उलगडा यातून बऱ्याच अंशी होतो. म्हणूनच ‘आमच्या कुत्र्याने खाल्ली होती, काही झाले नाही’ या अनुभवाला इथे काहीही किंमत नाही. निर्धोक प्रमाण ठरलेले नाही, त्यामुळे एकही द्राक्ष देऊ नये. मनुके सुकवलेले असल्याने वजनाच्या मानाने अधिक घातक असतात, आणि ते केक, पाव, न्याहारीची तयार मिश्रणे अशा पदार्थांत लपलेले असतात. भाजल्याने त्यांचा धोका जात नाही. चिंचेतही टार्टारिक आम्ल भरपूर असते, तेव्हा चिंच आणि तिचा कोळही याच यादीत घालावा.

अव्होकॅडोमधील पर्सिन हे द्रव्य पक्षी, घोडे आणि शेळ्यांना जितके घातक आहे तितके ते कुत्र्यांना नाही, पण त्याच्या गरातली चरबी आणि गिळली जाणारी मोठी गुळगुळीत बी या दोन कारणांसाठी ते न दिलेलेच बरे.

पीच, जर्दाळू, आलुबुखार, चेरी यांचा गर विषारी नसतो. त्यांचा बाठा धोक्याचा असतो. बाठ्यातील बीमध्ये ॲमिग्डालिन असते आणि ती चावली गेल्यास त्यातून सायनाइड सुटते. प्रत्यक्षात मात्र सायनाइडपेक्षा अडथळ्याची भीती मोठी आहे: गिळलेला बाठा पोटात पडून राहतो, पुढे सरकून लहान आतड्यात अडकतो आणि मग शस्त्रक्रियेशिवाय मार्ग राहत नाही. आंब्याच्या कोयीचेही तेच. कुत्र्याला चोखायला कोय देणे हे प्रेमापोटी केले जाते, पण ती एका क्षणात घशाखाली जाऊ शकते. सफरचंद व नासपतीच्या बियांतही ॲमिग्डालिन असते. चुकून गिळल्या गेलेल्या दोन-चार अखंड बियांनी विषबाधा होत नाही, तेव्हा त्यासाठी घाबरून जाऊ नये. पण गाभा काढणे इतके सोपे आहे की तो ठेवण्याचे काही कारण नाही.

लिंबू आणि ग्रेपफ्रूट देऊ नये. संत्र्याची एखादी सोललेली, बी काढलेली फोड बहुतेक कुत्र्यांना चालते, मात्र सालीतील तेलांनी पोट बिघडते. टोमॅटो पिकलेला असेल तरच द्यावा. हिरवे फळ, देठ आणि पाने नकोत. स्टारफ्रूटमध्ये विद्राव्य ऑक्झलेट इतके असते की ते मूत्रपिंडासाठी जोखमीचे ठरते.

शेवटी एक असा पदार्थ जो फळ नसून फळांच्या बरोबरीने येतो. झायलिटॉल हा गोडवा ‘साखरविरहित’ म्हणून विकल्या जाणाऱ्या जॅम, जेली, दही, शेंगदाण्याचे बटर, च्युइंगम यांत असू शकतो. कुत्र्याच्या शरीरात त्याने इन्सुलिन एकदम वाढते, रक्तातील साखर साधारण अर्ध्या ते एका तासात धोकादायक पातळीपर्यंत उतरते, आणि जास्त मात्रेत यकृत निकामी होते. कुत्र्याच्या वजनाच्या किलोमागे ०.१ ग्रॅम एवढी मात्राही साखर उतरवायला पुरते. त्यामुळे फळाबरोबर काहीही तयार विकतचे देण्याआधी वेष्टनावरील घटकांची यादी शेवटपर्यंत वाचावी.

चौथी पायरी: प्रमाण काढावे

खाऊ म्हणून दिल्या जाणाऱ्या सर्व पदार्थांचे मिळून उष्मांक दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावेत, हा पशुपोषणातला सर्वमान्य दंडक आहे. जेवण उरलेल्या ९० टक्क्यांत पूर्ण बसले पाहिजे, नाहीतर खाऊ वाढतो तसतसे पोषण पातळ होत जाते.

एकूण गरज काढण्याची रीत अशी. कुत्र्याचे किलोग्रॅममधील वजन स्वतःनेच दोनदा गुणावे, म्हणजे दहा किलोच्या कुत्र्यासाठी १० × १० × १० = १०००. या संख्येचे कॅल्क्युलेटरवर वर्गमूळ काढावे आणि जे उत्तर येईल त्याचे पुन्हा वर्गमूळ काढावे, उत्तर ५.६२ येते. त्याला ७० ने गुणले की ३९४ किलोकॅलरी मिळतात. ही झाली विश्रांतीच्या अवस्थेतील गरज. नसबंदी झालेल्या, सामान्य हालचाल असलेल्या प्रौढ कुत्र्यासाठी तिला १.६ ने गुणावे, म्हणजे दिवसाला सुमारे ६३० किलोकॅलरी होतात आणि खाऊचा वाटा ६३ किलोकॅलरी ठरतो. हे आकडे अंदाजाचेच असतात. वजन वाढत असेल तर सूत्र काहीही म्हणो, जेवण कमी करावे लागते.

माझ्या मते नवख्या माणसाने या ६३ मधील निम्म्याहून जास्त वाटा फळाला देऊ नये. दिवसभरात शिकवताना दिलेला चिकनचा तुकडा, चघळायची वस्तू, घरातल्या दुसऱ्या कुणी भरवलेले बिस्किट हे सगळे त्याच खात्यात जमा होत असते. म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याला फळातून ३० किलोकॅलरी पुरे. सफरचंदात १०० ग्रॅममागे ५२ किलोकॅलरी असतात, केळ्यात ८९, कलिंगडात ३०, पपईत ४३ आणि आंब्यात ६०. त्यावरून साधारण ५५ ते ६० ग्रॅम सफरचंद, किंवा ३५ ग्रॅम केळे, किंवा १०० ग्रॅम कलिंगड, किंवा ७० ग्रॅम पपई, किंवा ५० ग्रॅम आंबा निघतो. ही एका दिवसाची कमाल मर्यादा आहे आणि फळ एकच निवडायचे आहे.

याच रीतीने पाच किलोच्या कुत्र्याला सफरचंद ३५ ग्रॅम आणि तीस किलोच्या कुत्र्याला सुमारे १३५ ग्रॅम बसते. वजन सहापट झाले तरी गरज चौपटही होत नाही, हे इथे लक्षात घ्यावे; मोठ्या कुत्र्याला वजनाच्या सरळ प्रमाणात फळ देणारे लोक नकळत बरेच जास्त देतात. दिलेल्या फळाचे उष्मांक जेवणाच्या हिशेबात धरायचे असतात, वरून वाढवायचे नसतात. स्वयंपाकघरातला साधा वजनकाटा पहिल्या महिन्यात अवश्य वापरावा, कारण डोळ्यांचा अंदाज नेहमी उदार असतो.

पाचवी पायरी: सुरुवात कोणत्या फळाने करावी

सुरुवातीला सफरचंद सर्वांत सोयीचे. ते नीट कापता येते, त्याचा रस गळत नाही आणि तंतूंचे प्रमाण मध्यम असते. ब्ल्यूबेरी लहान असल्याने वजन करून देणे सोपे जाते, पण अगदी छोट्या कुत्र्यासाठी ती दाबून फोडावी. कलिंगडात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते, त्यामुळे उन्हाळ्यात ते उपयोगी पडते. बिया आणि साल मात्र पूर्ण काढावी, कारण सालीचे जाड तुकडे पचत नाहीत. पपईचा पिकलेला गर चालतो, बिया आणि कच्ची पपई नको. नासपतीत आणि पेरूत तंतू जास्त असतात, म्हणून ती फळे कमीच द्यावीत. केळे पौष्टिक आहे पण गोड आहे, आणि स्थूल कुत्र्याला ते न देणे बरे. आंब्याचा गर साल व कोय काढून देता येतो. सालीत आणि चिकात त्वचेचा दाह करणारी द्रव्ये असतात.

अननसाविषयी एक समज फार पसरला आहे, तो म्हणजे अननस खाऊ घातल्याने कुत्र्याची स्वतःची विष्ठा खाण्याची सवय सुटते. या उपायाला भरवशाचा पुरावा नाही. त्या सवयीमागे पचनाचा विकार असू शकतो, तेव्हा पशुवैद्याला दाखवावे आणि अननस केवळ फळ म्हणून, मधला कडक दांडा काढून, थोडाच द्यावा.

फळांचा रस, साखरेच्या पाकातली डबाबंद फळे, मुरंबा आणि सुकवलेली फळे यांतले काहीच नको. रसातून तंतू जातात आणि साखर उरते. सुकवलेल्या फळात तीच साखर थोडक्या वजनात एकवटते.

सहावी पायरी: धुणे, कापणे, ठेवणे

फळ वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावे, आणि सालीवर मेण किंवा फवारणीचा अंश असण्याची शंका असल्यास साल काढावी. गाभा, बिया, बाठा, देठ काढून झाल्यावर तो कचरा लगेच झाकणाच्या डब्यात टाकावा. कापताना पायाशी बसलेल्या कुत्र्याला ओट्यावरून घरंगळलेला बाठा मिळाला तर आधीची सगळी काळजी व्यर्थ जाते.

तुकड्यांचा आकार कुत्र्याच्या जबड्यावर नव्हे, खाण्याच्या पद्धतीवर ठरवावा. पुष्कळ कुत्रे चावत नाहीत, गिळतात. लहान कुत्र्यासाठी हरभऱ्याएवढे आणि मोठ्यासाठी बोराएवढे तुकडे करावेत, गोल व गुळगुळीत फळे कापूनच द्यावीत, आणि हावरटपणे खाणाऱ्या कुत्र्यासाठी सफरचंद किसावे किंवा पाण्यात मऊ शिजवून जेवणात कालवावे. गोठवलेले कडक तुकडे दात मोडू शकतात, म्हणून ते थोडे मऊ होऊ द्यावेत.

कापलेले फळ झाकून फ्रिजमध्ये ठेवावे आणि दोन दिवसांत संपवावे. आंबलेले किंवा बुरशी आलेले फळ कुत्र्याला ‘वाया जाऊ नये’ म्हणून देऊ नये. आंबलेल्या फळात अल्कोहोल तयार होते, आणि काही बुरशींच्या विषाने कुत्र्याला थरथर व झटके येतात. बागेत झाडाखाली पडून कुजणारी फळेही याच कारणासाठी रोज उचलावीत.

सातवी पायरी: पहिले पंधरा दिवस

पहिल्या दिवशी एकच फळ, एकच लहान तुकडा, सकाळच्या वेळी द्यावा, म्हणजे दिवसभर कुत्र्याकडे लक्ष ठेवता येते आणि गरज पडली तर पशुवैद्यही उपलब्ध असतो. तीन-चार दिवस तेच फळ तेवढेच द्यावे. मल नेहमीसारखा राहिला, उलटी नाही, अंग किंवा कान खाजवणे वाढले नाही, तर प्रमाण हळूहळू ठरलेल्या मर्यादेपर्यंत न्यावे. एका फळाचा आठवडा पूर्ण झाल्यावरच दुसरे आणावे. वहीत तारीख, फळ, ग्रॅम आणि मल कसा होता एवढे चार शब्द लिहिले तरी ते पुढे पशुवैद्याला मोठ्या वर्णनापेक्षा जास्त उपयोगी पडतात.

मल थोडा सैल झाला तर फळ थांबवावे. एक-दोन दिवसांत तो पूर्ववत होईल आणि पुढच्या वेळी निम्म्या प्रमाणाने सुरुवात करता येईल. जुलाब वारंवार होत असतील, त्यात रक्त दिसत असेल, किंवा कुत्रा पाणीही पोटात ठेवत नसेल तर वाट पाहू नये.

खाऊ नये ते खाल्ल्यास

द्राक्षे, मनुके, चिंच किंवा झायलिटॉल पोटात गेल्याचा नुसता संशय असला तरी लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्याला फोन करावा. कुत्र्याचे वजन, काय खाल्ले, अंदाजे किती, किती वाजता, आणि सध्या तो कसा आहे, ही माहिती हाताशी ठेवावी. वेष्टन असेल तर सोबत न्यावे. पशुवैद्याने दवाखान्यात उलटी करवून घेण्याचा उपयोग पहिल्या दोन तासांत सर्वाधिक होतो. घरी मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये, कारण त्याने रक्तातील सोडियम प्राणघातक पातळीला जाऊ शकते. हायड्रोजन पेरॉक्साइडही पशुवैद्याने त्या वेळी सांगितल्याशिवाय देऊ नये. बाठा किंवा कोय गिळली असेल तर उलटी मुळीच करवू नये, कारण ती वस्तू परत येताना अन्ननलिकेत अडकते. अशा वेळी तपासणी करून घ्यावी, आणि पुढच्या काही दिवसांत वारंवार उलटी, जेवणावरची वासना जाणे, पोटाला हात लावू न देणे किंवा शौच न होणे यांपैकी काही दिसल्यास पुन्हा लगेच दाखवावे; अडथळा कधी कधी बऱ्याच उशिरा प्रकट होतो.

द्राक्षांच्या बाबतीत उलटी सहसा पहिल्या चोवीस तासांत होते आणि मूत्रपिंडाचे नुकसान २४ ते ७२ तासांत रक्तात दिसू लागते. मधल्या काळात कुत्रा अगदी नेहमीसारखा वागू शकतो, आणि इथेच पुष्कळ लोक फसतात. पशुवैद्याने शिरेतून सलाइन देण्यासाठी दोन दिवस ठेवून घ्यायचे ठरवले, किंवा तीन दिवस रोज रक्त तपासायला सांगितले, तर कुत्रा शेपटी हलवत खेळतो आहे म्हणून त्यात खंड पाडू नये, आणि त्या तीन दिवसांत त्याला लघवी किती वेळा व किती होते याचीही नोंद ठेवावी.